शब्द सापडला, पान राहिलं



संयोजकांनी मला ‘डिजिटल साधनं आणि इतिहास’ हा विषय दिला. असा विषय विद्यापीठाच्या सभागृहात शोभेल, परभणी जिल्ह्यातल्या झरीसारख्या गावच्या मंडपात कशाला, असं कुणाला वाटू शकेल. मला उलट वाटतं. गेल्या काही वर्षांत जुन्या कागदांसाठी जेवढी धावपळ मराठवाड्यातल्या खेड्यांनी केली, तेवढी इतिहासाच्या कुठल्याही विभागानं केलेली माझ्या पाहण्यात नाही. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या गावागावांत लोकांनी पेट्या उघडल्या, माळवदाच्या घरातल्या देवळ्या धुंडाळल्या, तहसीलच्या अभिलेख कक्षापुढे रांगा लावल्या. ज्या घरात मोडीचं एक अक्षर कुणाला येत नाही, त्या घरात मोडी वाचणाऱ्याचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवलेला मी पाहिला आहे.

कारण आपल्याला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम तिच्याकडे होतं. ऑक्टोबरअखेर पहिला अहवाल आला, तेव्हा सुमारे १ कोटी ७३ लाख नोंदी तपासल्याचं आणि त्यात ११,५३० कुणबी नोंदी सापडल्याचं जाहीर झालं. म्हणजे दीड हजार नोंदी तपासाव्यात तेव्हा एक. पुढे शोध राज्यभर गेला, आकडा वाढला, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेटियर’ हे नाव पारावर, एसटीत, सलूनमध्ये बोललं जाऊ लागलं. आरक्षणाच्या प्रश्नावर मी आज बोलणार नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते त्या दप्तरांबद्दल.

एवढी दप्तरं आपल्या हयातीत पहिल्यांदाच उघडली गेली. महसूल, शाळा, तुरुंग, भूमी अभिलेख अशा अनेक खात्यांचे कागद बाहेर आले, त्यांचं स्कॅनिंग झालं, पुष्कळ जिल्ह्यांनी ते संकेतस्थळांवर ठेवले. ही केवढी मोठी गोष्ट! पण हा सगळा शोध एका शब्दाचा होता. तो शब्द पानावर सापडला की पानाचं काम संपलं, आणि नाही सापडला तर त्या पानाचं काही कामच नव्हतं. उरलेल्या पानावर काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

काय असतं हो त्या पानावर? शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर घ्या. जातीचा रकाना सगळ्यांनी पाहिला. शेजारच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण असतं. एखाद्या साली एकामागून एक मुलं शाळेतून गेली असतील, तर त्या साली गावात काहीतरी घडलं होतं. पाऊस गेला होता, साथ आली होती, किंवा ऊस तोडायला घरंच्या घरं उठून गेली होती. जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक जिथे टिकलं आहे, तिथे पटकी, देवी, ताप ही मरणाची कारणं ओळीनं दिसतात, आणि किती लेकरं वर्षाच्या आत गेली तेही दिसतं. पाहणी पत्रकात पिकं असतात, विहिरी असतात. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यानंतरच्या कागदांत संरक्षित कुळांची नावं असतात. जमीन कुणाच्या नावावर होती आणि प्रत्यक्षात कसत कोण होतं, हा आपल्या गावांचा सगळ्यात मोठा न सांगितलेला इतिहास त्या दोन नावांच्या मधे आहे.

आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच. डिजिटल साधनांनी आपल्याला शोधायला शिकवलं, वाचायला शिकवलं नाही. शोधायच्या चौकटीत शब्द टाकला की ओळ हातात येते. ती ओळ कुठल्या पानावरची, ते पान कुठल्या रुमालातलं, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातलं, तो रुमाल कुणाच्या घरचा, हे मागे राहतं. इतिहासाचं काम तर तिथूनच सुरू होतं.

हे झरीच्याच उदाहरणानं पाहू. इंटरनेटवर ‘झरी’ टाका. पहिल्यांदा यवतमाळ जिल्ह्यातला झरी जामणी तालुका समोर येतो. या नावाची इतरही गावं मधे येतात. रोमन लिपीत झेड घेऊन लिहिलं तर जरीच्या साड्यांची दुकानं येतात. जे-एच-ए-आर-आय लिहिलं तर वेगळे निकाल, ‘एच’ गाळला तर वेगळे. इंग्रज अधिकाऱ्यानं, निजामाच्या कारकुनानं आणि आजच्या संगणक चालकानं या गावाचं नाव आपापल्या कानाप्रमाणे लिहिलं आहे. यंत्राला ही तीन वेगवेगळी गावं वाटतात.

आता उर्दू कागद घ्या. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली, आणि १९४८ पर्यंत आपला महसूल, न्याय, पोलीस सगळं उर्दूतून चाललं. उर्दूत ‘झ’ लिहिताना ‘जीम’ काढतात आणि त्याला दोन डोळ्यांचा ‘हे’ जोडतात. आता कारकून घाईत शिकस्ता वळणात लिहीत असेल तर नुक्ते गाळतो. ‘जीम’चा एक नुक्ता गेला की ते अक्षर जीम, चे, हे, खे यांपैकी काहीही असू शकतं. तीन नुक्ते आहेत असं समजून वाचलं तर झरीचं ‘छुरी’ होतं. दोन डोळ्यांचा ‘हे’ आणि साधा ‘हे’ यांत जुने लेखक काटेकोर फरक करत नसत, म्हणून ‘जहरी’ असंही वाचता येतं. बरोबर वाचन कोणतं हे त्या एका शब्दावरून कधीच ठरत नाही. वरच्या ओळीत शेजारचं गाव आहे का, खाली परगण्याचं नाव आहे का, हे पाहून ठरतं. म्हणजे पान वाचल्याशिवाय शब्दही वाचता येत नाही.

मोडीचंही तसंच. शिरोरेषा आधी ओढायची, मग हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमधे जागा सोडायची रीत नाही. नाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे अर्थ लावत लावतच कळतं. त्यात आपल्या भागात तारीख फसली सनात. आजूर, दै, बहमन असे महिने. साल १३२९ फसली असं दिसलं की त्यात साधारण ५९० मिळवायचे, म्हणजे १९१९-२० येतं. हे ठाऊक नसलेल्या माणसानं १३२९ हा इसवी सन धरून यादवांच्या काळाच्या आसपासचा कागद सापडल्याची पोस्ट टाकली, तर त्याला मी दोष देणार नाही. त्याला पानाचा फोटो मिळाला, पान वाचायची विद्या मिळाली नाही.

ही विद्या आपल्याकडे होती, आणि फार जुनी गोष्ट नाही. सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे, जन्म १९१०. हैदराबादच्या मुलकी सेवेत अधिकारी झाले. मराठी, उर्दू, फारसी सहज वाचणारा, गोंडी आणि कोलामीही शिकलेला हा माणूस पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचा प्रमुख होता. परभणी जिल्ह्याचं महाराष्ट्र राज्यातलं गॅझेटियर १९६७ चं आहे. आज ते फोनवर उघडतं. ते उघडताना एवढं लक्षात ठेवा, की शेकडो कागद आधी कुणीतरी शेवटपर्यंत वाचले म्हणून ते पुस्तक झालं. पगडींसारखी माणसं विरळा होती हे खरं, पण निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले साधे पटवारी, शिक्षक, वकील गावोगाव होते. १९४८ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला विद्यार्थी आज नव्वदी ओलांडून गेला आहे. दोन पिढ्यांत आपण आपल्याच आजोबांच्या कागदांपुढे निरक्षर झालो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मराठ्यांच्या इतिहासाची जी साधनं आज एका बोटावर मिळतात, त्यातली बहुसंख्य पुण्याकडची आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात प्रसिद्ध केले. या माणसांच्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे. पण हजारो रुमालांतून कोणते कागद छापायचे हे त्यांनी ठरवलं. जे छापलं ते ग्रंथालयांत गेलं, ग्रंथालयांत होतं ते स्कॅन झालं, स्कॅन झालं ते शोधात सापडू लागलं, आणि शोधात सापडतं तेच आता प्रबंधांत येतं. शंभर वर्षांपूर्वीची निवड यंत्रानं पक्की केली. मराठवाड्याचे कागद हैदराबादला राहिले. १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. कागद काही प्रमाणात आले, पुष्कळ तिकडेच आहेत. आजही आपल्या विद्यार्थ्याला देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद गाठून तारनाक्याच्या पुरालेखागारात बसावं लागतं. म्हणून इंटरनेटवर मराठवाड्याचा इतिहास थोडा दिसतो. तो थोडा आहे म्हणून नव्हे. आपला प्रदेश स्कॅनरपर्यंत पोहोचलाच नाही.

तरी जे मिळालं आहे ते पाहून मला मनापासून आनंद होतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठानं सर्वांसाठी खुला ठेवला आहे. केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतात. ‘रेख्ता’ या संकेतस्थळावर हजारो जुनी उर्दू पुस्तकं आहेत. झरीतल्या मुलीला जी पुस्तकं पाहायला पूर्वी चार शहरं हिंडावी लागली असती, ती तिच्या हातात आहेत. शिकागोच्याच संकेतस्थळावर इम्पीरिअल गॅझेटियर आहे. त्यात परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ला आठ लाखांच्या वर दिसते आणि १९०१ ला साडेसहा लाखांच्या खाली. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन गेला होता. त्या पुस्तकातले जातींचे आकडे आपण शोधून काढले. दहा वर्षांत जिल्ह्यातली दीड लाखाहून जास्त माणसं कमी झाली, हा आकडा त्याच नोंदीत आहे. त्यात झरीचे किती होते, ते मेले की गाव सोडून गेले, हे गॅझेटियर सांगत नाही. त्यासाठी गावचंच पान हवं.

तरुण मित्र विचारतात, आता यंत्रच मोडी वाचेल ना? वाचेल, आणि वाचावंच. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीच्या दोन हजारांवर पानांचा देवनागरी लिप्यंतरासह संच तयार केला आणि त्यावर यंत्राला शिकवलं. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन वळणं त्यात आहेत. हे फार मोलाचं काम आहे. पण यंत्राला जे दाखवलं तेच ते ओळखतं. आपल्याकडच्या पटवाऱ्याचं वळण, त्याच्या मराठीत मिसळलेले मुन्तखब, जमाबंदी, फैसल हे शब्द, फसली महिने त्याला लागतील असं गृहीत धरता येत नाही. आणि यंत्र अडलं तर थांबत नाही. ते जवळचा शब्द बसवतं आणि पुढे जातं. हीच गोष्ट प्रश्नाला उत्तर देणाऱ्या नव्या यंत्रांची. ‘झरीचा इतिहास लिही’ म्हटलं तर ते क्षणात सफाईदार दोन पानं देतं. त्यातलं कुठलं वाक्य कुठल्या कागदावर उभं आहे ते विचारा, आणि तो कागद दिसेपर्यंत त्या वाक्यावर भरवसा ठेवू नका.

अर्धवट पाहून भरवसा ठेवणं रोजच्या व्यवहारात कुठवर जातं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्याचं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या दिवसांत फोनवर फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत होती, त्यात मोटारसायकलवरून आलेली माणसं मूल उचलून नेताना दिसत होती. ती कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जनजागृतीची फीत होती. मूल परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात तो शेवट कुणीतरी कापला होता. शेवट असता तर ती फीत पाहून कुणाच्या अंगावर काटा आला नसता.

आपल्या इतिहासाचंही असंच कापाकापीनं चाललं आहे. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन, आला की फोन भरून जातो. एका फोनवर रझाकारांचे अत्याचार असतात. ते घडले, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली आपल्या गावांतल्या माणसांनी त्यांना तोंड दिलं. अनंत भालेराव यांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ घरात असायला हवं असं पुस्तक आहे. दुसऱ्या फोनवर पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेचा मजकूर असतो. तीही घडली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला, तो कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही, आता कुणालाही वाचता येतो. मला काळजी वाटते ती अशी, की एकाच गल्लीतली दोन घरं एकाच महिन्याचा इतिहास निम्मा-निम्मा वाचत आहेत आणि दोघांनाही आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटतं. दोन्ही कागद एका बैठकीत वाचायला काय हरकत आहे? या गावात ते होऊ शकतं असा माझा विश्वास आहे.

एकत्र वाचण्याची रीत आपल्याला नवी नाही. सातबारा संगणकावर आला तेव्हा काय झालं आठवा. आज डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत फोनवर मिळतो, तलाठ्याकडे हेलपाटे वाचले, हे शेतकऱ्याला लहान सुख नाही. पण हस्तलिखितावरून संगणकावर चढवताना कुणाचं नाव चुकलं, कुणाचं क्षेत्र कमी झालं, कुणाचा वारस गळाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती, हे खेड्यातल्या माणसाला त्या वेळी पाठ झालं. त्या काळात शासनानं गावोगाव चावडी वाचन ठेवलं. तलाठ्यानं उतारे मोठ्यानं वाचायचे, गावानं ऐकायचं, चूक असेल तिथे बोलायचं. पडद्यावर नजरेतून सुटलेली चूक कानाला कळायची, कारण ऐकणाऱ्याला आपला बांध माहीत असतो. शेजारच्याचाही माहीत असतो.

जुन्या कागदांचंही चावडी वाचन सुरू करा, अशी माझी झरीकरांना विनंती आहे.

घरोघरच्या रुमालांचे फोटो तुम्ही तसेही काढताच आहात. थोडं पद्धतीनं काढा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पूर्ण पान चारही कडांसकट. फक्त आपल्या नावाची ओळ नको. कागदाची मागची बाजू कधीच सोडू नका, शेरे आणि शिक्के पुष्कळदा तिथेच असतात. रुमालात कागद ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं फोटो घ्या, कारण ज्यानं ते बांधले त्याच्या मनात काही जुळणी होती. प्रत्येक रुमालाचा पहिला फोटो एका चिठ्ठीचा असू द्या. त्यावर रुमाल कुणाच्या घरचा, कुठे ठेवलेला होता, कुणी कधी दाखवला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होतो आणि अक्षरं विरतात, म्हणून फाइल म्हणून पाठवा. एक प्रत शाळेत आणि एक दुसऱ्या जागी ठेवा. आणि मूळ कागदाला कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. गेल्या काही वर्षांत भीतीपोटी आणि प्रेमापोटी लोकांनी शेकडो कागद प्लास्टिकमध्ये बंद केले आहेत. ते पुन्हा सुखरूप बाहेर काढणं फार अवघड असतं. स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी, वाळवी-कसरीपासून दूर ठेवले तरी पुरे.

घरच्या माणसाची परवानगी घेतल्याशिवाय काहीही बाहेर टाकू नका. या कागदांत कर्जं आहेत, भाऊबंदकी आहे, कुणाच्या आजीची फारकत आहे. सगळं जगाला दाखवायचं नसतं, आणि चालू दाव्यातला कागद तर मुळीच नाही.

कागदाइतकंच दुसरं काम निकडीचं आहे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया या मंडपात बसल्या आहेत. तेव्हा विशीत असलेल्या आता सत्तरी ओलांडून गेल्या. सुकडी कशी शिजवायची, मुकादम हजेरी कशी लावायचा, लेकरू कुठे निजवायचं, मजुरी किती हप्त्यांनी हातात पडायची, हे कुठल्याही हजेरीपत्रकावर नाही. नातीच्या फोनमध्ये ते रेकॉर्ड होऊ शकतं. नातीनं मधे मधे बोलू नये, आजीला तिच्या बोलीत बोलू द्यावं, आणि सुरुवातीला नाव, वय, माहेर-सासर आणि तारीख सांगून घ्यावी.

आणि आज तुम्ही स्वतः जे लिहीत आहात त्याचंही भान ठेवा. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाचा फोटो स्वतः नोंदवतो. नेट नाही, सर्व्हर चालत नाही म्हणून बांधावर ताटकळलेले तुम्ही सगळे आहात. तो त्रास मला माहीत आहे. तरीही घाईत शेजारच्या शेतातला फोटो टाकू नका. शंभर वर्षांनी या शिवारात कापूस किती आणि सोयाबीन किती होतं हे कुणाला पाहायचं झालं, तर तुमचीच नोंद ते उघडतील.

चावडी वाचनाची पहिली बैठक १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकानं करावी असं मी सुचवतो. ते स्वातंत्र्यानंतरचं, त्यामुळे वाचायला तुलनेनं सोपं. त्यातले सर्व्हे नंबर तुमच्या ओळखीचे, त्यातली माणसं तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली. एकानं वाचावं, एकानं वहीत उतरवावं, आणि कसणाऱ्याचं नाव आलं की त्याच्या घरचं माणूस तिथे बसलेलं असावं. मोडी आणि उर्दूचे रुमाल नंतर घेऊ. तोवर इथल्या चार मुला-मुलींना मोडी शिकवायला मी दर महिन्याला यायला तयार आहे. उर्दूसाठी गावातल्याच उर्दू जाणणाऱ्या मंडळींना विचारू, त्यांनी नाही म्हणायचं कारण नाही. पत्रकाच्या नकलेसाठी तहसीलमध्ये अर्ज करावा लागतो. अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना सही करायची आहे त्यांनी पुढे यावं.